तामचिनीची जुनी भांडी आणि घराची शोभा

माळ्यावर, कोठीच्या कोपऱ्यात किंवा गोठ्यातल्या खुंटीला आपल्याकडे अजून एखादे भांडे हमखास सापडते. अंग पांढरे, काठ निळा आणि दोन-चार ठिकाणी टवके उडालेले. कोणी त्याला तामचिनी म्हणतात, कोणी एनॅमल म्हणतात, तर कोणी नुसते चिनीचे भांडे म्हणून सोडून देतात. एके काळी त्यात चहा होई, भात वाढला जाई, दवाखान्यातही हीच भांडी असत. आज त्यात कोंबड्यांना कनकी घालतात. नाही तर भंगारवाला दारात आला, की लोखंडाच्या भावाने ते तराजूत जाते.

शहरात मात्र उलटा प्रकार चालला आहे. तेथे हीच भांडी लोक जुन्या बाजारात शोधत हिंडतात, दिवाणखान्यात मांडतात, आणि हौसेच्या भरात काही जण त्यांत पुन्हा जेवूही लागतात. आपण टाकतो आणि ते विकत घेतात! मग खरे शहाणपण कशात आहे? मला वाटते, दोन्ही टोके सोडून मधली वाट धरावी. जुनी तामचिनी चुलीवरून आणि पंगतीतून काढून घ्यावी, पण घरातून काढू नये. तिला भिंतीवर, फळीवर, कोनाड्यात जागा द्यावी, आणि ती जागा देताना त्या भांड्याची हकीकतही सांभाळावी. असे का म्हणतो, ते आता क्रमाने पाहू.

प्रथम हे भांडे आहे तरी काय? तामचिनी हे नाव ऐकून त्यात तांबे असेल असे वाटते. पण आपल्या घरातल्या या भांड्यांत आत असतो लोखंडाचा पत्रा आणि वर असते काच. होय, काचच. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली काच कारखाना निघाला आणि तेथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघर गेला. त्या कंदिलाची काच आणि या ताटलीवरची काच या नात्याने बहिणीबहिणीच म्हणायच्या. सोन्याच्या दागिन्यावर जी मीनाकारी करतात तीही काचच. फरक एवढाच, की तेथे ती सोन्यावर बसते आणि येथे लोखंडावर.

ही काच लोखंडावर बसवतात कशी? वाळू, टाकणखार, सोडा अशी द्रव्ये भट्टीत वितळवून प्रथम काच करतात. ती तापलेली काच पाण्यात ओतली, की तिचा चुरा होतो. तो चुरा थोडी चिकणमाती व पाणी घालून दळला, म्हणजे ताकासारखी खळ तयार होते. पत्र्याचे भांडे स्वच्छ करून या खळीत बुडवायचे, वाळवायचे आणि सुमारे ८०० ते ८५० अंश सेल्सियसच्या भट्टीत थोडा वेळ ठेवायचे. काच वितळते आणि पत्र्याला घट्ट धरून बसते. तेव्हा हा रंगाचा हात नव्हे, हे लक्षात ठेवा. रंग वाळतो, ही काच भाजून निघते. म्हणूनच पन्नास-साठ वर्षांनंतरही तिची चकाकी जात नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी हे भांडे एकदा वर्गात जरूर न्यावे. उडालेल्या टवक्याच्या कडेला बारकाईने पाहिले, तर एकाखाली एक असे थर दिसतात. वरचा पांढरा. त्याखाली काळपट निळा. हा पहिला हात, आणि त्यात कोबाल्ट या धातूचे ऑक्साइड घातलेले असते. त्यामुळे काच लोखंडाला पक्की चिकटते. सर्वांत खाली गंजलेला पत्रा. काठावरची निळी किंवा काळी रेघ शेवटी ओढतात. काठ हा सर्वांत जास्त मार खाणारा भाग. तेथला टवका गडद रेघेत चटकन डोळ्यांवर येत नाही.

आणि टवके का उडतात? लोखंडाला ठोका बसला तर ते वाकते, काचेला वाकणे ठाऊक नाही, ती तडकते. तसेच तापवल्यावर लोखंड आणि काच दोन्ही फुगतात, पण सारख्या प्रमाणात नव्हे. भांडे रिकामे चुलीवर राहिले किंवा तापलेल्या भांड्यावर एकदम गार पाणी ओतले, तर दोघांची ओढाताण होऊन काच सुटते. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हा पुस्तकातला धडा मुलांना एका फुटक्या ताटलीत दिसतो.

आता ही भांडी आपल्या भागात आली कोठून? एकोणिसाव्या शतकात जर्मनी, ऑस्ट्रिया या देशांत हा धंदा मोठा झाला. युरोपातून आणि पुढे जपानातूनही हा माल आपल्या देशात येत असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोलकात्याच्या परिसरात बेंगॉल एनॅमल वर्क्ससारखे देशी कारखाने उभे राहिले. गोंदिया तर हावडा-नागपूर लोहमार्गावरचे जंक्शन. जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचा हा मार्ग, आणि येथूनच बालाघाट, नैनपूर, जबलपूरकडे एक छोटी गाडी सुटे, दुसरी नागभीड-चांद्याकडे. आता ते छोटे रूळ गेले आणि मोठे आले. तांदूळ, विडी, लाख यांच्या व्यापाराचे हे गाव. तेव्हा येथून आमगाव, तिरोडा, सालेकसा, देवरीच्या बाजारापर्यंत माल पोचणे सोपे होते. आपल्या घरातली ताटली उलटी करून बघा. पुष्कळदा पाठीवर कारखान्याचा शिक्का, देशाचे नाव किंवा मापाचा आकडा असतो. शिक्का पुसट झाला असेल, तर ओल्या फडक्याने हलके पुसून तिरप्या उजेडात धरा.

लोकांनी ही भांडी घेतली ती स्वस्ताईसाठी आणि सोयीसाठी. पितळेला कल्हई लागते. कल्हई गेली, की आंबट पदार्थ कळकतो. तामचिनीला कल्हईची कटकट नव्हती. शिवाय भांडे हलके, धुवायला सोपे, आणि मळ लगेच दिसत असल्यामुळे दवाखान्यांनाही सोयीचे. पुढे स्टेनलेस स्टील आले. ते फुटेना, टवके उडेनात, गंज चढेना. १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत स्टीलने आणि मग प्लॅस्टिकने तामचिनीला स्वयंपाकघरातून बाहेर काढले.

आणि ते एका परीने बरेच झाले. येथे मी जरा स्पष्ट बोलतो, कारण हा मुलाबाळांच्या पोटाचा प्रश्न आहे. जुनी तामचिनी जेवणासाठी वापरू नये. एक कारण उघड आहे: सुटलेला टवका म्हणजे काचेचा तुकडा, आणि तो भातात दिसत नाही. दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. जुन्या काळी काचेला पांढरेपणा आणण्यासाठी काही कारखाने अँटिमनी वापरत. लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांसाठी कॅडमियम वापरले जाई. काही जुन्या मुलाम्यांत शिसेही असे. आंबट पदार्थ अशा काचेला खातो आणि ही विषारी द्रव्ये त्यात उतरू शकतात. १९२८ च्या सुमारास इंग्लंडात न्यूकॅसल येथे लिंबाचे सरबत रात्रभर एनॅमलच्या बादल्यांत ठेवले होते. ते प्यायलेल्या कितीतरी जणांना उलट्या होऊ लागल्या. तपासात सरबतात अँटिमनी निघाले. आपल्याकडे तर ताक, कढी, चिंचेचे सार, आंब्याचे लोणचे, आंबाडीची भाजी, सगळे आंबटच! एखाद्या भांड्यात काय आहे, हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही, आणि कितीही घासले तरी ते जात नाही. म्हणून जुन्या भांड्यात खायचे नाही, प्यायचे नाही, लोणचे मुरवायचे नाही, हा नियम सरसकट पाळावा. आज जेवणासाठी म्हणून जी नवी एनॅमलची भांडी करतात त्यांची गोष्ट वेगळी. पण त्यांचाही टवका उडाला, की ती पंगतीतून उठवावीत.

मग ती घरात मांडावी कशी? आधी भांडे खरे आहे की नाही ते ओळखा. लोहचुंबक लावून बघा. खऱ्या भांड्याला तो चिकटतो. ज्याला आपण जर्मनचे भांडे म्हणतो ते अ‍ॅल्युमिनियमचे, त्याला चिकटत नाही. मेलामाइनच्या ताटलीलाही चिकटत नाही. आता राहिला प्रश्न रंगवलेल्या पत्र्याचा. त्यासाठी बुडाशी, दिसणार नाही अशा ठिकाणी नखाने किंवा नाण्याच्या कडेने हलके खरवडा. रंग निघतो, काच निघत नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत किंवा जुन्या बाजारात विकत घेणाऱ्याने एवढी पारख केलीच पाहिजे; कारण मुद्दाम डाग पाडून जुने दाखवलेले नवे डबेही मिळतात.

नंतर साफसफाई. पितळ चिंचेने उजळते. तामचिनी चिंचेने मंद होते. म्हणून चिंच, लिंबू नको. राख, वाळू, विटकरीची पूड, तारेचा घासा, काहीच नको. काचेवर चरे पडतात आणि मग त्यात मळ बसतो. कोमट पाणी, साबण आणि मऊ फडके पुरे. चहाचे डाग असतील तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा, तासभर ठेवा आणि पुसून काढा. धुतल्यावर भांडे लगेच कोरडे करा. टवक्याच्या जागी पत्रा उघडा असतो. तेथे मेणाचे किंवा गोडेतेलाचे बोट फिरवा. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते, त्या दिवसांत महिन्यातून एकदा हे करावे. टवक्यावर ऑइलपेंट मात्र थापू नका. टवका हे त्या भांड्याचे वय आहे. ते झाकण्यात शोभा नाही.

आता जागा. छुईमातीने पोतारलेल्या पांढऱ्या भिंतीवर पांढरी ताटली हरवून जाते. निळ्या रंगाची भिंत, गेरूचा पट्टा किंवा जुन्या सागवानी फळीची पार्श्वभूमी मिळाली, की तीच ताटली उठून दिसते. फार गर्दी करू नका. तीन किंवा पाच ताटल्या, लहानमोठ्या, मध्ये मोकळी जागा सोडून; एवढ्याने ओसरीची भिंत भरते. ताटलीला भोक पाडू नका, तेथूनच काच सुटते आणि गंज धरतो. समोर बोटभर उंचीची पट्टी मारलेली अरुंद फळी करा आणि ताटल्या तिच्यावर तिरप्या उभ्या करा. मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही. तेथे आपले जुने कोनाडे उपयोगी पडतात. कोनाड्यात एक किटली ठेवली तरी तो रिकामा वाटत नाही. पाळण्याच्या किंवा अंथरुणाच्या वर मात्र ही भांडी टांगू नयेत.

भांडे नुसते बघण्यापुरतेच ठेवावे असेही नाही. कोरड्या कामाला ते अजून चांगले आहे. मगात पेन्सिली, खडू, कंगवे ठेवता येतात. पसरट ताटलीत किल्ल्या, सुईदोरा, बटणे राहतात. उंच जगात धानाच्या लोंब्यांची जुडी ठेवून बघा. पांढऱ्या-निळ्या काचेवर ते सोनेरी पिवळेपण इतके साजते, की बाजारातली प्लॅस्टिकची फुले त्यापुढे फिकी पडतील. आणि धान तर आपल्या घरचेच. फक्त ते जग मुलांच्या हाताला सहज लागेल असे ठेवू नका. काठ धारदार झालेला असू शकतो.

काही जण अशा भांड्यात झाडे लावतात. लावावीत, पण थोडी काळजी घेऊन. भांड्याला भोक नसते, म्हणून पाणी तळाशी साचते. मुळे कुजतात आणि पत्राही गंजतो. त्यापेक्षा झाड वेगळ्या लहान कुंडीत लावा, ती कुंडी भांड्यात बसवा आणि खाली साचलेले पाणी दोन-तीन दिवसांनी ओतून टाका. आपल्या जिल्ह्यात हिवतापाचे दुखणे जुने आहे, आता डेंग्यूही आहे. शोभेसाठी ठेवलेल्या भांड्यात डासांच्या अळ्या वाढल्या, तर ती शोभा महागात पडेल.

इथपर्यंत सगळे सोपे होते. आता थोडी अवघड गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

पुष्कळ घरांत चिनीमातीची आणि तामचिनीची भांडी देवघराजवळ किंवा चुलीपाशी येऊ देत नसत. धातूचे भांडे घासून शुद्ध होते, हे होत नाही, अशी समजूत होती. आणि ज्यांना घरात घ्यायचे नाही अशांसाठी नेमके हेच भांडे बाहेर ठेवलेले असे. सपरीच्या वळचणीला एक कप आणि एक ताटली. शेतावर राबायला येणारी दलित माणसे त्यातच खात-पीत, आणि आपल्या हाताने धुऊन पुन्हा तेथेच ठेवत. चहाच्या दुकानातही वेगळे कप असत. महाराष्ट्रातल्या अनेक गावांतली ही गोष्ट आहे, आणि ती पाहिलेली, भोगलेली माणसे आजही हयात आहेत.

१ मे १९९९ रोजी वेगळा होईपर्यंत आपला गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते. संविधानाने १९५० सालीच अस्पृश्यता नाहीशी केली होती. १९५५ मध्ये अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला. त्या कायद्यात भांड्यांचा उल्लेख आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? सार्वजनिक उपाहारगृहात, हॉटेलात, धर्मशाळेत ठेवलेली भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला मनाई करणे, हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला. देशाच्या संसदेला कपबशीसाठी कायदा करावा लागला, यावरून त्या कपाचे वजन किती होते ते समजते.

तेव्हा माळ्यावरची ताटली खाली काढताना घरातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा: ही ताटली कोणाची होती? आजोबांच्या चहाची होती, आजीच्या बाळंतपणातली होती, तर आनंदाने मांडा. आणि ती बाहेरची, वेगळी ठेवलेली ताटली होती असे कळले, तर? तिला गुपचूप भंगारात घालून मोकळे होऊ नका; आणि तिचा इतिहास पुसून, किती सुंदर निळा काठ म्हणून पाहुण्यांपुढे मिरवूही नका. ज्या घरातली माणसे त्या ताटलीत जेवली ते घर गावात असेल, तर त्यांच्याकडे जावे आणि ही ताटली ठेवावी की नाही, ठेवली तर काय सांगून ठेवावी, हे त्यांनाच विचारावे. ते नको म्हणाले तर नको. ठेवा म्हणाले, तर घरातल्या इतर ताटल्यांच्या शेजारी, त्याच फळीवर, त्याच उंचीवर ठेवावी आणि मुलांना खरी हकीकत सांगावी. घराची शोभा नुसती डोळ्यांना दिसते तेवढीच नसते.

शाळांना यात बरेच करता येईल. वर्गाच्या एका फडताळात गावातली अशी दहा-बारा भांडी जमवावीत. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी असावी आणि तीवर चार गोष्टी: भांड्याचे नाव आपल्या बोलीत, ते कोणत्या बाजारातून आले, त्यात काय करीत असत, आणि ते वापरातून कधी गेले. मुलांनी घरी विचारून लिहावे. चिठ्ठीवर घरमालकाचे नाव घालायचे की नाही, हे त्या घराच्या इच्छेवर सोडावे. वेगळ्या कपाची गोष्ट निघाली, तर ती शिक्षकांनी स्वतः सांगावी. कोणा मुलाला वर्गात उभे करून तुझ्या घरी असे होते का, असे विचारू नये. या एका फडताळातून विज्ञान, भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र असे चारही विषय शिकवता येतात, आणि खर्च काही नाही. बोलीतले शब्दही टिकतात. गंज, गडवा, टमरेल हे शब्द ज्या भांड्यांना चिकटले आहेत ती भांडी गेली, की शब्दही जातात.

दिवाळीच्या आधी घर सारवायला, पोतारायला काढाल तेव्हा माळाही खाली उतरेल. त्या वेळी तामचिनीचे जे भांडे हाती लागेल ते तराजूत टाकण्यापूर्वी उलटे करून बघा, लोहचुंबक लावून बघा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे धरा आणि त्यांना बोलू द्या. मग ते धुऊन, पुसून फळीवर ठेवा. जेवायला स्टीलचे ताट घ्या, आणि दारात कोणीही आले तरी त्याच्यासाठीही तसलेच ताट मांडा.